पनवेलला घर घेताना : सभासदांसाठी काही उपयुक्त माहिती



खोडव्याचे पाचट, तोडणीचे वेळापत्रक, बिलाचा हप्ता हे या पत्रिकेचे नेहमीचे विषय. या अंकात जरा बाजूचा विषय घेतला आहे. तो आम्ही शोधून काढलेला नाही, सभासदांनीच आमच्यापुढे आणून ठेवला. शेअर्स विभागाच्या खिडकीपाशी, गट कार्यालयात, इतकेच काय वजनकाट्यावर ट्रॉली रांगेत उभी करूनसुद्धा लोक विचारतात, "पोरगं पनवेलला असतंय. तिकडं एक फ्लॅट बघितलाय. घेऊ का नको?"

पनवेलच का, हे सांगायची गरज नाही. घाट उतरून मुंबईला जाणारी एस.टी. पनवेलला थांबते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. आपल्या भागातली माणसे पूर्वी गिरणीत जायची, लालबाग-परळला गाळ्यात दहा-दहा जण राहायची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ते पर्व संपले. आता पोरे न्हावा-शेव्याच्या बंदरावर, तळोज्याच्या कारखान्यांत, कळंबोलीच्या लोखंड बाजारात, नाहीतर खारघरच्या कुठल्यातरी ऑफिसात असतात. त्यात 12 जानेवारी 2024 ला शिवडी-न्हावाशेवा सागरी पूल खुला झाला, 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे पनवेलच्या चहूबाजूला दहा-पंधरा मैलांत जो तो एजंट "विमानतळापासून वीस मिनिटं" असे सांगतो. वीस मिनिटे कोणत्या वाहनाने आणि रात्री किती वाजता, ते तो सांगत नाही.

आधी आमच्याच एका सभासदाची हकिगत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, त्यांची परवानगी घेऊनच लिहितो आहोत. मुलगा कंटेनर यार्डात नोकरीला. लग्न ठरले, मुलीकडच्यांनी विचारले, राहायचे कुठे? सभासदाने सोळा गुंठे बागायत विकली, वर कारखान्यातली ठेव मोडली आणि पनवेलजवळच्या एका खेड्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. बाजारभावापेक्षा जवळजवळ निम्म्या किमतीत. फरशी चकचकीत, गच्चीवरून डोंगर दिसतो. कागद म्हणून काय मिळाले? शंभर रुपयांच्या स्टॅम्पावर नोटरी केलेला करार आणि एक कुलमुखत्यारपत्र. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा विषय काढला तेव्हा बिल्डर म्हणाला, "काका, इथं सगळ्यांचं असंच आहे." हे मात्र तो खरे बोलला. तिथे खरोखरच सगळ्यांचे तसेच होते.

हा सभासद अडाणी नव्हे, बरे का. सातबारा हातात दिला तर इतर हक्कातला बोजा, कुळाचे नाव, फेरफार क्रमांक, पोटखराबा एका नजरेत वाचणारा माणूस. शेजाऱ्याने बांध हातभर सरकवला तर मोजणी आणणारा. पण फ्लॅट म्हटल्यावर आपल्या लोकांना वाटते, हा शहरी मामला, इथे आपले काय चालणार. खरे तर फ्लॅटच्या खालीही जमीनच असते आणि त्या जमिनीलाही उतारा असतो.

तेव्हा पहिली गोष्ट जमिनीची. पनवेल म्हणजे एक गाव नव्हे. जुने पनवेल शहर हे वडाळे, कृष्णाळे, विश्राळे अशा तळ्यांचे. तिथली नगरपालिका 1852 सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. दुसरे, सिडकोने वसवलेले नोड : नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर. सिडको 17 मार्च 1970 ला स्थापन झाली आणि तिच्यासाठी शासनाने इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन केल्या. हा सगळा भाग आणि आसपासची काही गावे मिळून 1 ऑक्टोबर 2016 पासून पनवेल महानगरपालिका झाली. तिसरे, महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरचा पट्टा : सुकापूर, विचुंबे, आकुर्ली, नेरे या बाजूची गावे. यातल्या मोठ्या भागाला 'नैना' म्हणतात, म्हणजे विमानतळाच्या प्रभावाखालचे क्षेत्र. 2013 पासून तिथे सिडको ही विशेष नियोजन प्राधिकरण आहे. चौथा प्रकार जुन्या गावठाणांचा आणि त्यांच्या कडेने वाढलेल्या वस्तीचा.

हे चारही प्रकार रिक्षातून जाताना सारखेच दिसतात. पण बांधकामाला परवानगी कोण देते, पाणी कोण देते, कर कुणाला भरायचा, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे. म्हणून एजंटला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. "या जागेची बांधकाम परवानगी कोणाची?" असे विचारा. "ग्रामपंचायतीची" असे उत्तर आले की चहा पिऊन उठा. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. ती पावती अनधिकृत घरालाही मिळते.

गावठाणालगतच्या इमारतींबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपले लोक सर्वांत जास्त फसतात ते तिथेच. तिकडे एक शब्द ऐकाल, 'गरजेपोटी बांधलेली घरे'. त्यामागे एक मोठे दुखणे आहे. पनवेल-उरणच्या शेतकऱ्यांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. मोबदला तुटपुंजा. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिथला शेतकरी रस्त्यावर उतरला आणि 1984 च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, ती या लढ्यामुळेच. पण दरम्यान कुटुंबे वाढली, गावठाण होते तेवढेच राहिले. लोकांनी उरल्यासुरल्या जागेत घरे बांधली, ती ही गरजेपोटीची घरे. ती नियमित करण्याचे निर्णय शासनाने वेळोवेळी केले. ज्याची जमीन गेली त्याच्या घराबद्दल आपण बोट दाखवावे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. धरणात गेलेल्या गावांची माणसे आपल्यातही आहेत, कोयनेचे काही धरणग्रस्त तर याच रायगड जिल्ह्यात वसवले गेले. पण गरजेपोटी घर बांधणे वेगळे आणि त्याच नावाखाली कुणा तिसऱ्याने पाच मजली इमारत उठवून तुम्हा-आम्हाला फ्लॅट विकणे वेगळे. मूळ प्रकल्पग्रस्ताला मिळणारी सवलत बाहेरून आलेल्या खरेदीदाराला मिळेलच असे धरून चालू नका.

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर रीतसर परवानगीने झालेल्या इमारती मात्र चांगल्या असतात, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. तिथे भूखंडाचे वाटपपत्र, सिडकोबरोबरचा भाडेपट्टा करार आणि मूळ शेतकऱ्यापासून बिल्डरपर्यंतचा हस्तांतरणाचा कागद असा सलग साखळीने बघावा. मधली एक जरी कडी गहाळ असेल तरी थांबा. वारसांपैकी एका बहिणीची सही राहिली म्हणून दावा चालू आहे, असे प्रकार आपल्याकडे होतात तसेच तिकडेही होतात.

सिडकोच्या नोडमधले घर घेतले तरी खालची जमीन सहसा सिडकोची भाडेपट्ट्यावरची असते, मुदत बहुधा साठ वर्षांची. म्हणजे जुना फ्लॅट दुसऱ्याकडून घेताना सोसायटीबरोबर सिडकोचीही हस्तांतरणाची परवानगी लागते आणि तिची फी असते. ती फी कोण भरणार हे करारातच लिहून घ्या. भाडेपट्ट्याची जमीन मालकी हक्काने देण्याबाबत अलीकडे शासनपातळीवर निर्णय झाले आहेत. आपल्या सोसायटीला ते लागू झाले की नाही, हे मात्र तोंडी न ऐकता कागदावर बघा.

फ्लॅटऐवजी प्लॉट घेणारेही बरेच आहेत. नेरे, शिरढोण या बाजूला गुंठ्याने जागा विकतात, "फार्म हाऊस होईल" म्हणतात. तिथे आपला अनुभव कामी आणा. भोगवटादार वर्ग 2 आहे का, कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा आहे का, जमीन आदिवासीची आहे का (पनवेल तालुक्यात कातकरी-ठाकरांच्या जमिनी पुष्कळ, आणि त्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाहीत), इतर हक्कात 'खाजगी वने' असा शेरा आहे का, हे सगळे सातबाऱ्यावरच सापडते. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याचा शेरा असलेली जमीन कितीही स्वस्त मिळो, तिच्या वाटेला जाऊ नये. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. त्यात अलीकडे काही सवलती आल्या आहेत, पण सहहिस्सेदार म्हणून दहा जणांची नावे एकाच उताऱ्यावर चढवून दिली की ती प्लॉटची मालकी होत नाही.

आता कागद. नवीन इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. हा कायदा 2016 चा, महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून महारेरा प्राधिकरण काम करते. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त घरे असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. तो क्रमांक मोबाइलवर टाकला की प्रकल्पाचा मंजूर नकाशा, पूर्ण करण्याची तारीख, बिल्डरवरचे दावे, जमिनीवरचा बोजा, सगळे घरबसल्या दिसते. आपल्या घरातली कॉलेजला जाणारी मुलगी हे पाच मिनिटांत काढून देईल. एकूण किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याआधी घेण्याचा बिल्डरला अधिकार नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के त्याने त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात. ताबा ठरल्या तारखेला दिला नाही तर पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज. आणि ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर लेखी कळवल्यापासून तीस दिवसांत त्याने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. 'लेखी' हा शब्द लक्षात ठेवा. फोनवर केलेली तक्रार ही तक्रार नव्हे.

तयार इमारत असेल तर दोन दाखले : बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'ओ.सी.' म्हणतात. प्रारंभ प्रमाणपत्रावर किती मजल्यांना परवानगी आहे ते मोजा आणि मग खाली उभे राहून इमारतीचे मजले मोजा. हसू नका, मजल्यांचा मेळ न बसणाऱ्या इमारती असतात. ओ.सी. नसेल तर नळजोडणी रीतसर मिळण्यास अडचण, बँकेचे कर्ज अवघड, पुढे विकायलाही अडचण. विमानतळामुळे आसपासच्या इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत, तेव्हा वरच्या मजल्यावरचे घर घेताना उंचीचा ना-हरकत दाखलाही बघावा.

जुने घर दुसऱ्याकडून घेताना बिल्डरपासून आजच्या विकणाऱ्यापर्यंत जितक्या वेळा घर विकले गेले तितके मूळ नोंदणीकृत करारनामे, प्रत्येकाची सूची क्रमांक 2, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढावा. त्याची फी वाचवणे म्हणजे लागणीला बेणे प्रक्रिया न करण्यासारखे आहे. मालमत्ता कराची पावती विशेष लक्ष देऊन बघा. महानगरपालिका झाल्यावर सिडको वसाहतींतल्या रहिवाशांना 2016 पासूनच्या कराची बिले मागाहून आली, सिडकोचे सेवाशुल्कही भरले होते, त्यावरून मोठा वाद झाला. विकणाऱ्याने ही बाकी भरली आहे की तुमच्या गळ्यात टाकतो आहे, हे व्यवहाराआधी कळले पाहिजे. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून अधिक असेल तर एक टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावरच कळते.

क्षेत्रफळाचे म्हणाल तर ऊस उत्पादकाला ते समजावून सांगण्याची गरजच नाही. काट्यावर आधी भरलेल्या ट्रॉलीचे वजन होते, मग रिकामी ट्रॉली वजा, मग बांधणीची वजावट, आणि बिल निघते ते निव्वळ वजनावर. फ्लॅटचेही तसेच. एजंट सातशे फूट सांगतो ते ट्रॉलीसकट : त्यात जिना, लिफ्ट, भिंती, व्हरांडा सगळे. तुम्हाला विचारायचे ते चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतले वापरायचे. करारनाम्यात तेच लिहावे लागते, आणि चौरस मीटरमध्ये. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. साडेअडतीस मीटर लिहिले असेल तर घर साधारण चारशे चौदा फुटांचे. दर या आकड्याने भागून बघा, डोळे उघडतात.

पैशाबद्दल आमचे मत जरा जुन्या वळणाचे आहे, पटले तर घ्या. वीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता साधारण सतरा हजार साडेतीनशे बसतो. वीस वर्षांत एकूण भरणा एकेचाळीस लाखांच्या वर, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जास्त. हा हप्ता दरमहा जातो. आपले बिल दरमहा येत नाही. तोडणी लांबली, हुमणीने मार दिला, पूर आला, तरी बँक थांबत नाही. म्हणून हप्ता मुलाच्या पगारातून निघत असेल तरच कर्ज काढावे, उसावर विसंबून काढू नये. ऊस बिलाचा खरा उपयोग दुसरा आहे. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जात वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी रक्कम भरली तर बँकेला दंड लावता येत नाही. दरवर्षी दिवाळीच्या पैशातून एक हप्ता जादा भरला, तर वरच्या उदाहरणात वीस वर्षांचे कर्ज साडेसोळा वर्षांत फिटते. राष्ट्रीयीकृत बँक त्या इमारतीत कर्ज द्यायला तयार आहे का, हे तर कर्ज नको असले तरी विचारावे. बँकेचा वकील ज्या कागदाला हात लावत नाही त्याला आपण का लावावा?

आणि घरासाठी साठवलेली रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नका. आपण सहकारातली माणसे, म्हणून हे लिहिताना वाईट वाटते. पण पनवेलच्याच कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ठेव विम्याचे संरक्षण एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच असते. त्यावरची रक्कम अडकली की मुलाचा ताबा अडकतो.

घर कुणाच्या नावे घ्यायचे, यावर घरातल्या सगळ्यांनी आधीच बसून बोलावे. सामाईक जमीन विकून एका मुलाच्या नावे फ्लॅट घेतला आणि दुसऱ्या भावाने पुढे वाटणीत तो मागितला, असे वाद आपल्याकडे कमी नाहीत. बहिणींचाही हिस्सा असतो, हे विसरू नये. फक्त महिलेच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सूनबाईच्या नावे करायला कुणाची ना असू नये, पण आमचा अनुभव असा की सवलत सगळ्यांना हवी असते आणि नाव लावायची वेळ आली की घरात सगळे गप्प.

सोडतीची घरेही एक मार्ग आहे. सिडकोने 2024 च्या ऑक्टोबरात खारघर, तळोजे, कळंबोली, पनवेल वगैरे ठिकाणच्या सव्वीस हजार घरांची योजना काढली होती. अशा घरात जमिनीची आणि परवानगीची चिंता नसते. चिंता असते ती वेळेची. पनवेलजवळ कोन इथे गिरणी कामगारांसाठी 2 डिसेंबर 2016 ला दोन हजार चारशे घरांची सोडत निघाली. किंमत सहा लाख. कागद तपासणी, मग करोनात इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, मग दुरुस्ती, असे करत किल्ल्या वाटायला 2023 उजाडले. संप झाल्यापासून चौतीस वर्षे वाट पाहिलेल्यांना आणखी सात वर्षे. आपल्या भागातल्या गिरणी कामगारांची वा त्यांच्या वारसांची नावे अशा याद्यांत असतात. ज्यांच्या घरात असे जुने कार्ड, पगारपत्रक असेल त्यांनी ते पत्र्याच्या पेटीतून काढून वारसाचे कागद आत्ताच करून ठेवावेत. एजंटला कोऱ्या कागदावर सह्या देऊ नयेत.

घर घेतले की माणूस सोसायटीचा सभासद होतो, आणि इथे आपण कुणाला हार जाणार नाही. गृहनिर्माण सोसायटी आणि आपला कारखाना एकाच कायद्याची लेकरे आहेत, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960. तीच वार्षिक सर्वसाधारण सभा, तेच लेखापरीक्षण, तीच थकबाकीदारांची यादी. शेअर मात्र पन्नास रुपयांचे दहा. मुलाला सांगा, सभेला जा. नुसता महिन्याचा मेंटेनन्स भरून जबाबदारी संपत नाही. आदर्श उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा व्हायला हवा. बहुतेक सोसायट्या 'मेंटेनन्स कमी' म्हणून हे टाळतात आणि वीस वर्षांनी प्रत्येकाला एकदम दोन लाख भरायची नोटीस काढतात. घर भाड्याने दिले तर सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, त्याहून जास्त नाही. नामनिर्देशनाचा अर्ज पहिल्याच महिन्यात द्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, खरा हक्क वारसांचा. पण नॉमिनीच नसेल तर सोसायटीचे काम वर्षानुवर्षे अडते. जमीन सोसायटीच्या नावे झाली का, म्हणजे अभिहस्तांतरण झाले का, हे विचारा. बिल्डर टाळत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज उपनिबंधकाकडे करता येतो. सिडकोच्या काही जुन्या वसाहतींत सोसायटीऐवजी अपार्टमेंट कायद्याखालची संघटना असते. तिथे नियम निराळे, तेव्हा तिचे घोषणापत्र वाचावे.

आता घर टिकवण्याबद्दल, कारण आपल्याकडची सवय तिथे उपयोगाची नाही. आपल्याकडे वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस. तिकडे अडीच-तीन हजारांच्या घरात, शिवाय खाडीची खारट दमट हवा. सिमेंटच्या आत ओलावा गेला की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि वरचे सिमेंट ढकलून पाडते. छताचे पोपडे पडणे म्हणजे रंगाचा प्रश्न नव्हे, सळईचा आहे. गवंडी येतो, वरून सिमेंट थापतो, रंग देतो, पैसे घेतो. दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच. योग्य पद्धत अशी की सैल झालेले सिमेंट सळईच्या मागेपर्यंत खोदायचे, गंज तारेच्या ब्रशने घासून काढायचा, सळईला गंजरोधक लावायचे, मग पॉलिमर मिसळलेला माल भरायचा आणि त्यावर किमान सात दिवस पाणी मारायचे. उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक लेखापरीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि तिसावर वय गेले की तीन वर्षांतून एकदा करायचे. जुना फ्लॅट घेताना शेवटचा अहवाल मागून बघा. कारखान्याचा ताळेबंद मागता, तसाच.

गळती गच्चीतून असेल तर दुरुस्ती सोसायटीची. वरच्या घराच्या संडास-बाथरूममधून असेल तर तो वरचा आणि खालचा अशा दोघांचा मामला, आणि भांडण तिथेच होते. मे महिन्यात गच्चीच्या पन्हाळ्या साफ करणे, कठड्याच्या फटी बुजवणे, खिडकीच्या चौकटीभोवती भरणे, ही तीन कामे केली तरी निम्मी ओल थांबते. पाण्याची टाकी सहा महिन्यांनी धुवा. मोठ्या इमारतीत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावा लागतो. तो दिला जातो का, हे सभेत विचारा.

घर बघायला जायचे तर जुलैत जा, भर पावसात. ओल भिंतीवर दिसते आणि पाणी कुठे तुंबते तेही दिसते. गाढी नदीच्या काठच्या आणि कळंबोलीसारख्या सखल भागात 26 जुलै 2005 ला पाणी कुठवर आले होते, हे तळमजल्याच्या दुकानदाराला विचारा. पुन्हा एकदा एप्रिलच्या शेवटी जा, पाण्यासाठी. पनवेलला गाढी नदीवरच्या देहरंग धरणाचे पाणी पुरत नाही, बाहेरून घ्यावे लागते, आणि नव्या वस्त्यांत उन्हाळ्यात टँकर फिरतात. टँकरचा महिन्याचा खर्च सोसायटीच्या हिशेबात बघा. तळोज्याकडचे घर असेल तर रात्री नऊनंतर तासभर तिथे थांबा आणि हवेला वास येतो का ते बघा. दिवसा कळत नाही.

आमच्या त्या सभासदाच्या मुलाचे छत गेल्या पावसाळ्यात गळायला लागले. वरच्या मजल्यावर कुलूप, बिल्डरचा फोन बंद. सोसायटी नोंदलेली नाही, कारण इमारतीला परवानगीच नाही. त्यामुळे दुरुस्ती निधी नाही, तक्रार करायला जागा नाही, आणि घर विकून दुसरे घ्यावे म्हटले तर घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही. शेवटी बापलेकांनी मिळून गच्चीवर ताडपत्री ताणली. ती इथूनच नेली होती, गुऱ्हाळावरची.

वर सांगितलेल्या कागदांची यादी एका पानावर छापून प्रत्येक गट कार्यालयात ठेवली आहे. विसार देण्याआधी ती घेऊन जावी. सोबत शक्य तर आपल्या गावचा एखादा निवृत्त तलाठी न्यावा, जाण्यायेण्याचे एस.टी.चे भाडे आणि जेवण एवढ्यावर ती मंडळी आनंदाने येतात.